चीनमधली रेल्वे, परदेशी कर्ज आणि सिच्वानचे भागधारक: लोक नेमके कशावर चिडले होते?

यार्डमास्तर
शाळेत १९११ची चिनी क्रांती एका परिच्छेदात उरकली होती. सन यत्-सेन आले, मांचू घराणं गेलं, पुढचा धडा. त्या क्रांतीची वात रेल्वेच्या शेअरवरून पेटली होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. गेले दोन महिने याच विषयात बुडालोय, म्हणून इथे काडी टाकतो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ९ मे १९११ला बीजिंगच्या सरकारनं फर्मान काढलं, की प्रांतांतल्या कंपन्यांकडचे मुख्य रेल्वेमार्ग आता सरकार घेणार. अकराच दिवसांनी, २० मेला, ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन आणि अमेरिकन बँकांच्या गटाबरोबर ६० लाख पौंडांच्या कर्जावर सह्या झाल्या. व्याज ५ टक्के, मुदत ४० वर्षं. तारण काय, तर हुबेई आणि हुनान या दोन प्रांतांचं मिठाचं उत्पन्न आणि लिकिन, म्हणजे मालावरची वाटेतली जकात. हेच ते हुगुआंग कर्ज. यातून हुबेईतल्या हांकौपासून दक्षिणेला ग्वांगडोंगच्या दिशेनं एक आणि पश्चिमेला सिच्वानच्या दिशेनं एक, असे दोन मार्ग बांधायचे होते.

सिच्वान पेटलं. ते विझवायला हुबेईतून फौज हलवली. तिकडे फौज पातळ झालेल्या वुचांगमध्ये १० ऑक्टोबरला सैनिकांनीच बंड केलं आणि फेब्रुवारी १९१२त सहा वर्षांच्या बादशहाचं राज्य संपलं.

पुस्तकं सांगतात, 'परकीय भांडवलाविरुद्ध जनतेचा उद्रेक'. मला ते अर्धंच पटतं. माझं म्हणणं असं, की कर्ज निमित्तमात्र होतं, खरी आग हिशोबाची होती. लोकांचे पैसे घेतले होते आणि ते कुठे गेले ते कुणी सांगेना. तुम्हाला काय वाटतं?

चहाटळ
म्हणजे सिच्वान म्हणजे आपलं शेझवान? कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या फ्राइड राइसला एवढा इतिहास असेल असं वाटलं नव्हतं. लाल का असतो ते आज कळलं.

मावशीआत्या
वाचतेय. सगळी चिनी नावं मनातल्या मनात दोनदा म्हणून बघते आणि सोडून देते. लिहीत राहा.

कोपऱ्यातला_बाक
यार्डमास्तर, तुमचा 'निमित्तमात्र' हा शब्द मला खटकला. त्या काळच्या चिनी माणसाच्या जागी बसून बघा. १८९५त जपानकडून मार खाल्ला, २० कोटी ताएलची खंडणी डोक्यावर बसली (एक ताएल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम चांदी). पाठोपाठ सगळे रेल्वे घेऊन आले. मांचुरियात रशियन, शांतोंगमध्ये जर्मन, युन्नानमध्ये हायफाँगहून वर चढत आलेले फ्रेंच. रूळ जिथे गेले तिथे त्या देशाचे खाणीचे हक्क गेले, पहारेकरी गेले, पुढे सैन्यही गेलं. चिनी वर्तमानपत्रांत 'कलिंगडासारखी फाक करणं' हा वाक्प्रचार तेव्हा रोजचा होता.

कर्जाचंही तेच. सावकार पैसे मोजून घरी जात नव्हता. कर्जाबरोबर त्याचा मुख्य इंजिनिअर यायचा, हिशेबनीस यायचा, मालखरेदीवर त्याची दलाली असायची. बीजिंग-हांकौ मार्गासाठी १८९८मध्ये बेल्जियमचं कर्ज घेतलं, ४५ लाख पौंडांचं. बेल्जियम छोटा देश, तो काय गिळणार, असा हिशोब होता. पण त्या गटाच्या पाठीशी फ्रेंच पैसा आणि रशियन मुत्सद्दी उभे होते. तेव्हा परदेशी कर्जाला भिणं हा काही अडाणीपणा नव्हता.

यार्डमास्तर
बाक, अडाणीपणा मी म्हटलंच नाही. भीती खरी होती. पण ती भीती साऱ्या देशाची, मग आधी सिच्वानच का पेटलं? कर्जाला तारण हुबेई-हुनानचं, सिच्वानचं नव्हे. भडका उडाला सिच्वानात. याचं उत्तर द्या.

टिनपाट
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चीनवर धागा आणि अजून कुणी मोबाइल फेकलेला नाही, नवल आहे.

मावशीआत्या
यार्डमास्तर, एक बाळबोध प्रश्न. सिच्वानच्या लोकांचे 'पैसे घेतले' म्हणजे काय? शेअर तर आपल्या मर्जीनं घेतात ना?

यार्डमास्तर
प्रश्न बाळबोध नाही, मुद्द्याचाच आहे. १९०४मध्ये तिथला गव्हर्नर-जनरल शीलियांग यानं सिच्वानच्या राजधानीत, चेंगडूला, रेल्वे कंपनी काढली. अट अशी, की परदेशी पैसा नको, परदेशी भागधारकही नको. आता डोंगरांनी वेढलेल्या प्रांतात एवढं भांडवल आणायचं कुठून? व्यापारी शेअर घेतील ते मूठभर. मग 'झुगू' नावाची युक्ती काढली. याला आपल्याकडे चपखल शब्द आहे: खंडाचा शेअर. ज्या जमीनदाराला वर्षाला दहा श (धान्याचं माप) किंवा त्याहून जास्त खंड मिळतो, त्यानं त्यातला शेकडा तीन भाग रेल्वेला द्यायचा. सुगीच्या वेळी, सक्तीनं. साचत साचत ५० ताएल झाले की एक शेअर. वर ४ टक्के व्याजाचं आश्वासन.

नाव शेअर, वसुली कराची. कंपनीच्या भांडवलात सगळ्यात मोठा वाटा याच वसुलीचा. म्हणजे ज्यानं जन्मात इंजिनाची शिट्टी ऐकलेली नाही, असा गावोगावचा खंड घेणारा माणूस रेल्वेचा भागधारक झाला. जमीनदारानं तो बोजा कुळाच्या गळ्यात बांधला ते वेगळंच. कुळाला शेअर नाही, फक्त वाढलेला खंड.

बांधावरून
हे वाचून हसू आलं आणि नंतर आलं नाही.

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात वडिलांच्या ऊसबिलाच्या पावत्या आहेत. गुलाबी पातळ कागद, कार्बनची निळी अक्षरं. वर टन, दर, एकूण रक्कम. त्याखाली कपातींची रांग: सोसायटी वसुली, तोडणी-वाहतूक, भागभांडवल, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. 'बिनपरतीची ठेव' हे शब्द ज्यानं शोधले त्याला साष्टांग दंडवत. ठेव आणि ती बिनपरतीची! वडील पावती घडी करून डब्यात टाकायचे आणि म्हणायचे, कारखाना आपलाच आहे. तो 'आपला' कारखाना पुढे कर्जात बुडाला आणि दुसऱ्याच्या घशात गेला. नाव लिहीत नाही, जिल्हाही नाही. ठेवीचं काय झालं ते विचारायला वडील तीनदा गेले. तिसऱ्यांदा शिपायानं पाणी विचारलं, एवढीच प्रगती.

त्यामुळे यार्डमास्तर, माझं मत तुमच्या बाजूनं. कपात करून घेतलेल्या पैशाचा राग वेगळाच असतो. हौसेनं लावलेला पैसा बुडाला तर माणूस स्वतःला शिव्या घालतो.

चहाटळ
बिनपरतीची ठेव!! हे तर आमच्या लग्नाचं वर्णन. (बायको इथे वाचते. प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकायला हवा.)

ऐनवेळी
थोडी उलटी बाजू मांडतो, नाहीतर सगळे एकाच डब्यात बसून गप्पा मारताय.

शेंग श्वेनह्वाय या मंत्र्याला चिनी इतिहासात खलनायक करून ठेवलाय. पण राष्ट्रीयीकरणाचा त्याचा निर्णय तंत्राच्या दृष्टीनं चूक होता का? प्रत्येक प्रांत आपापला तुकडा बांधतोय, भांडवल अपुरं, अनुभव नाही, संचालक मंडळांत भांडणं. १९०४ला निघालेल्या सिच्वान कंपनीनं काम सुरू केलं १९०९च्या डिसेंबरात, तेही सिच्वानबाहेर, हुबेईतल्या यीचांगला. दोन वर्षांत तिथे काही मैलांचे रूळ पडले. पुढे यांगत्सेच्या घळी, कडेच कडे. खंडाच्या शेअरवर तो मार्ग दोन पिढ्यांत झाला नसता. ९ मेच्या फर्मानात हेच स्पष्ट म्हटलंय: ग्वांगडोंगमध्ये निम्मे शेअर जमले पण रस्ता फारसा झाला नाही, सिच्वानमध्ये मोठी रक्कम बुडाली आणि वसूल होईना, हुनान-हुबेईत वर्षानुवर्षं कचेऱ्या उघडून नुसता खर्च.

आणि कर्ज म्हणाल तर ५ टक्के दर त्या काळी जाच नव्हता. बँकांनी दर शंभर पौंडांच्या रोख्यामागे चीनच्या हाती ९५ ठेवले, म्हणजे पाच पौंड कापले, हे मान्य. पण तारण रेल्वे नव्हती, कर होते. हप्ता चुकला म्हणून सावकार रूळ ताब्यात घेणार नव्हता. बेल्जियमच्या कर्जापेक्षा या अटी कितीतरी बऱ्या.

कोपऱ्यातला_बाक
बऱ्या अटी? मुख्य इंजिनिअर कोण ते लिहायचं राहिलं का मुद्दाम राहिलं? ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन, तिघांनी टप्पे वाटून घेतले होते. आणि अमेरिकन आले कसे? १९०९मध्ये करार फक्त तीन देशांच्या बँकांशी ठरला होता. तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी थेट राजप्रतिनिधी प्रिन्स छुनला तार केली, की आम्हालाही वाटा पाहिजे. कर्ज घेणाऱ्याच्या दारात कर्ज देणाऱ्यांची रांग आणि रांगेत धक्काबुक्की. असं सावकारीत कधी होतं? जेव्हा व्याजाहून मोठं काही मिळणार असतं तेव्हाच.

ऐनवेळी
मुद्दाम नाही, राहिलं. मान्य.

बोरीबंदर
अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची गोष्ट शेजारी ठेवून बघा. १८४९च्या करारात कंपनीला ५ टक्क्यांची हमी. लंडनच्या भागधारकानं पैसे घालायचे आणि नफा झाला नाही तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून त्याचं व्याज भरायचं. कितीही उधळपट्टी करा, ५ टक्के पक्के. दादाभाईंनी पुढे संपत्तीच्या वहनाचा जो हिशोब मांडला त्यात हे रेल्वेचं व्याज होतंच. आपल्या लोकांना कुणी विचारलंच नाही. चिन्यांना निदान 'आमची कंपनी' म्हणायला तरी मिळालं.

दुसरं अवांतर. चीनमधली पहिली चालती रेल्वे १८७६ची, शांघाय ते वूसोंग, जेमतेम १४-१५ किलोमीटर. जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या लोकांनी 'साधा रस्ता करतोय' असं सांगून जागा मिळवली आणि त्यावर गुपचूप रूळ टाकले. गेज अडीच फूट, आपल्या बार्शी लाइट आणि विदर्भातल्या शकुंतला गाडीचं तेच होतं. महिन्याभरात गाडीखाली एक माणूस गेला, बोंबाबोंब झाली. शेवटी सरकारनं ती २ लाख ८५ हजार ताएल मोजून विकत घेतली आणि १८७७मध्ये उखडून टाकली. पैसे देऊन रेल्वे घ्यायची ती मोडायला!

आणि जार्डिन म्हटलं की आमचे सर जमशेटजी जिजीभॉय आलेच. माळव्याची अफू मुंबईहून त्याच जार्डिनकडे जायची. तेच जमशेटजी नाना शंकरशेटांच्या जोडीनं मुंबईच्या रेल्वेच्या खटपटीत होते. म्हणजे कँटनच्या (ग्वांगडोंगमधलं बंदर) धुरातली थोडी चांदी आपल्याही रुळांखाली असणार.

टिनपाट
दहा प्रतिसादांत धागा ठाण्यापर्यंत पोचला. पुढचा थांबा कल्याण.

मावशीआत्या
मला शकुंतला आवडते. यवतमाळला आजोळ होतं. गाडी एवढी हळू की मामा उतरून, बोरं वेचून, परत चढायचा. बरं, सिच्वानला परत चला.

घड्याळजी
ऐनवेळींनी 'मोठी रक्कम बुडाली' म्हणून एका ओळीत सोडलेली गोष्ट खरं तर या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

खंडाच्या शेअरचे पैसे जमत होते, काम सुरू नव्हतं. मग रोकड शांघायला ठेवली, व्याज मिळेल म्हणून. तिथे कंपनीचा कारभारी होता शी त्येनचांग. १९०९-१०मध्ये शांघायला रबराचं वेड लागलेलं. मोटारगाड्या वाढताहेत, टायरला रबर पाहिजे, मलाया आणि सुमात्रात मळे लावताहेत म्हणून त्या मळ्यांच्या कंपन्यांचे शेअर भडकले. कित्येक कंपन्यांच्या मळ्यात अजून झाडाला चीकही आला नव्हता. देशी पेढ्यांनी स्वतःच्या हुंड्यांवर हा खेळ खेळला आणि शींनी रेल्वेची रोकड याच पेढ्यांत ठेवून, वर स्वतःही रबराचे शेअर घेऊन हात मारला. जुलै १९१०त भाव कोसळले. झेंगयुआन, झाओकांग, छियानयू या तीन पेढ्या बुडाल्या आणि सिच्वान रेल्वेचे सुमारे ३० लाख ताएल गेले.

आता मे १९११मध्ये सरकार म्हणतं, आम्ही कंपन्या घेतो. भरपाई कशी? हुनान-हुबेईच्या व्यापारी भागधारकांना मुद्दल पूर्ण परत. ग्वांगडोंगवाल्यांना शेकडा ६० रोख, उरलेल्याचे बिनव्याजी रोखे. आणि सिच्वानला? जेवढं खरोखर बांधकामावर खर्च झालं त्याचे सरकारी रोखे घ्या. शिल्लक रोकड सरकारी रेल्वेत गुंतवा. शांघायला बुडाले ते तुमचे तुम्ही बघा, साऱ्या देशाच्या करातून तुमच्या जुगाराची भरपाई का करायची?

शेंगचा युक्तिवाद कोरड्या हिशोबानं बरोबर आहे, हे मला कबूल करावं लागतं. पण ज्याच्या खळ्यावरून शेकडा तीन उचलले त्यानं जुगार खेळला नव्हता. त्या शींना कंपनीवर बसवलं होतं ते सरकारनंच. ते आधी सरकारी अधिकारी होते.

बांधावरून
+१. 'तुमचाच संचालक होता, तुम्हीच निवडून दिला होता' हे वाक्य आम्हीही ऐकलंय.

कोपऱ्यातला_बाक
घड्याळजी, उत्तम प्रतिसाद. तरी एक शंका. फक्त हिशोब असता तर चांगली भरपाई जाहीर करून प्रकरण मिटलं असतं. ते मिटलं नाही, कारण कर्जाच्या करारातली कलमं चेंगडूत पोचल्यावर लोकांचा मूड बदलला. १७ जूनला 'रेल्वे संरक्षण समिती' स्थापन झाली त्या सभेत लुओ लुन वगैरे पुढारी मंडळी भर सभेत रडली आणि हजारो लोक हुंदके देत होते, ते काही ताळेबंदावर नव्हतं. 'रेल्वे गेली म्हणजे सिच्वान गेलं' असं ते म्हणत होते.

ऐनवेळी
दोन्ही होतं हो. माणूस एका वेळी दोन कारणांनी रडू शकतो.

दूरदेशी
मी कामानिमित्त दोन वर्षं चेंगडूत होते. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर पीपल्स पार्क. रविवारी तिथल्या चहाच्या बागेत बसायचं, वेताच्या खुर्च्या, झाकणाचे पेले आणि मध्येच कान साफ करणारा माणूस चिमटा टुणटुण वाजवत फिरतो. चहा संपेपर्यंत थर्मासमधून पाणी ओतत राहतात.

त्याच बागेत एक उंच दगडी स्तंभ आहे, जवळजवळ ३२ मीटर. पहिल्या वेळी मला वाटलं युद्धस्मारक असेल. जवळ गेले तर पायथ्याला रेल्वेचे रूळ, सिग्नल, इंजिन कोरलेलं. १९१३मध्ये उभारलेलं, रेल्वेसाठी मेलेल्यांचं स्मारक. चारी बाजूंना मजकूर एकच, पण चार वेगवेगळ्या लेखकांच्या हस्ताक्षरात. सोबतच्या सहकाऱ्याला विचारलं, इथे रेल्वे कधी आली? तो म्हणाला, १९५२. १ जुलै १९५२ला चेंगडू-चोंगचिंग, ५०५ किलोमीटर. म्हणजे स्मारकावर रूळ कोरले तेव्हा त्या शहरात रूळ नव्हते, आणि पुढे एकोणचाळीस वर्षं नव्हते. कोरणाऱ्यानं चित्र बघून कोरले असणार. आणि ज्या यीचांगच्या मार्गावर हे सगळं रामायण झालं, तो डोंगरातला यीचांग-वानचौ रस्ता २०१०च्या डिसेंबरात सुरू झाला. बोगदे आणि पूलच पूल.

त्या सहकाऱ्यानं सांगितलेल्या दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. ऑगस्टच्या २४ तारखेला चेंगडूनं दुकानं बंद केली, शाळा बंद. आणि लोकांनी रस्त्यारस्त्यात चौथरे उभारून त्यावर मेलेल्या ग्वांगशू बादशहाची नावाची पाटी ठेवली, पुढे धूप, फुलं. दोन्ही बाजूंना त्याच्याच जुन्या फर्मानांतली वाक्यं: राज्यकारभार लोकमतानं चालावा, रेल्वे व्यापाऱ्यांनी चालवावी. आता बादशहाच्या पाटीसमोरून अधिकाऱ्याला घोड्यावर किंवा पालखीत बसून जाता येत नाही. उतरावं लागतं. दर चौकात पायउतार! हलवताही येत नाही, राजद्रोह होईल.

चहाटळ
रस्त्यात मांडव घालून वाहतूक अडवणं हा आपला शोध समजत होतो. स्वामित्वहक्क हातातून गेला.

मावशीआत्या
दूरदेशी, दुसरी गोष्ट?

दूरदेशी
सांगते. नवा गव्हर्नर-जनरल झाओ अरफेंग. ७ सप्टेंबरला त्यानं पू त्येनजुन, लुओ लुन वगैरे पुढाऱ्यांना बोलावून अटक केली. बातमी फुटली तशी माणसं त्याच ग्वांगशूच्या पाट्या छातीशी धरून कचेरीवर गेली. सोडा म्हणाली. पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या, तीसहून जास्त मेले. त्यांत शिंपी, विणकर, हातावर पोट असणारी माणसं होती. भागधारक असे त्यांत किती असतील?

वेशी बंद, तारा ताब्यात. बाहेर खबर जाणार कशी? तर काही जणांनी लाकडाच्या फळ्या घेतल्या, त्यावर लिहिलं, 'झाओ अरफेंगनं आधी पू-लुओला पकडलं, आता सिच्वानवर येतोय, बांधवांनो, आपलं आपण वाचवा.' फळीला तुंगाचं तेल लावलं की शाई जात नाही. शेकडो फळ्या रात्री नदीत सोडल्या. सप्टेंबरात पाणी चढलेलं असतं. खालच्या गावांना सकाळी घाटावर वाहत आलेल्या सापडल्या. याला ते 'पाण्याची तार' म्हणतात.

टिनपाट
इथे विनोद करायला आलो होतो. जाऊ दे.

यार्डमास्तर
दूरदेशी, तुमच्या प्रतिसादानं माझ्या मताला भोक पाडलं. मेलेले शिंपी भागधारक नसतील, तर ते कुठल्या हिशोबासाठी गेले? मला उत्तर नाही. विचार करतो.

जुनीपानी
मला जुने रोखे जमवायचा नाद आहे. लंडनच्या जुन्या बाजारातून घेतलेला हुगुआंगचा एक २० पौंडांचा रोखा माझ्या भिंतीवर आहे. वर नक्षीदार चौकट, खाली व्याजाच्या कुपनांची पोस्टाच्या तिकिटांसारखी रांग. २० पौंडांवर ५ टक्के म्हणजे वर्षाला एक पौंड, सहामाही कुपन दहा शिलिंगचं. मालकानं वर्षानुवर्षं एकेक कुपन कापून बँकेत दिलेलं दिसतं. मग कात्री थांबली. खालच्या रांगा तशाच चिकटलेल्या, कारण १९३०च्या दशकाअखेर व्याज येणं बंद झालं.

शेपूट अजून लांब आहे. १९७९मध्ये काही अमेरिकन रोखेधारकांनी चीनच्या साम्यवादी सरकारवर अलाबामात दावा लावला. चीन हजरच राहिला नाही, न्यायालयानं १९८२त ४ कोटी १३ लाख डॉलरचा एकतर्फी निकाल दिला. पुढे १९८४त तो रद्द झाला आणि शेवटी त्यांना दमडी मिळाली नाही. ब्रिटननं मात्र १९८७त चीनशी तडजोड केली आणि ब्रिटिश दावेदारांसाठी २ कोटी ३५ लाख पौंड पदरात पाडले. मी रोखा घेतला तो चौकटीसह ऐंशी पौंडांना. व्याजासकट पैसे वसूल झाले ते बहुधा दुकानदाराचे.

बोरीबंदर
झकास. फोटो टाका.

कोपऱ्यातला_बाक
'परकीयांना हाकलण्यासाठी परकीयांकडून कर्ज' हाही एक प्रकार होता, माझ्याच मुद्द्याविरुद्ध जातो तरी लिहितो. कँटन-हांकौचा ठेका १८९८त एका अमेरिकन कंपनीला दिला होता. तिनं एक आखूड फाटा बांधला आणि शेअर बेल्जियन लोकांच्या हाती जाऊ दिले. हुबेई-हुनानचे गव्हर्नर-जनरल झांग झिदोंग खवळले, ठेका परत घ्या म्हणून प्रांत उठले, १९०५त साडेसदुसष्ट लाख डॉलर देऊन तो सोडवला. ते पैसे कुठून आणले? हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारकडून ११ लाख पौंड उसने. ही 'हक्क परत मिळवण्या'ची चळवळ!

घड्याळजी
आणि ज्या बीजिंग-झांगज्याको मार्गाचा सगळ्यांना अभिमान, इंजिनिअर झान त्येनयूंनी चिनी डोक्यानं, परदेशी कर्जाशिवाय १९०९त पुरा केलेला, त्याचे पैसे आले ते बीजिंग-मुकदेन (मुकदेन म्हणजे आजचं शेनयांग) रेल्वेच्या नफ्यातून. ती रेल्वे ब्रिटिश कर्जावरची. झान मात्र अस्सल. डोंगरात इंग्रजी व्हीच्या आकाराचा उलटफेर टाकला, आपल्या खंडाळ्याच्या घाटात जुना रिव्हर्सिंग स्टेशनचा प्रकार होता त्याच जातीचा.

बोरीबंदर
खंडाळा! आणलीत गाडी घरी.

मावशीआत्या
कर्ज नाही, सक्ती नाही, असं कुणालाच जमलं नाही का?

घड्याळजी
जमलं. ग्वांगडोंगमधल्या तायशानचा चेन यीशी. सिएटलला आयुष्य काढलं, अमेरिकेत रेल्वेच्या कामावर मजूर पुरवले, म्हातारपणी गावी परतला आणि १९०६त काम सुरू केलं. अट तीन कलमांची: परदेशी शेअर नको, परदेशी कर्ज नको, परदेशी इंजिनिअर नको. पैसे दिले ते अमेरिकेत कपडे धुणाऱ्या, खानावळी चालवणाऱ्या गाववाल्यांनी. सव्वाशे किलोमीटरच्या वर मार्ग केला. आपल्याकडे चाकरमानी गिरगावातल्या खोलीतून गावच्या देवळाला वर्गणी पाठवायचा तसंच, फक्त देवळाऐवजी रेल्वे. पण तो मार्ग देशाच्या जाळ्याला कधी जोडलाच गेला नाही, आणि जपानी आक्रमणात शत्रूच्या हाती पडू नये म्हणून चिन्यांनीच रूळ उपटले.

ऐनवेळी
शेवटी कुणाचं काय झालं तेही लिहून टाकतो. शेंगला ऑक्टोबरात बडतर्फ केलं, तो जपानला पळाला. हुबेईची फौज घेऊन निघालेल्या दुआनफांगला त्याच्याच सैनिकांनी नोव्हेंबरात वाटेत मारलं. झाओ अरफेंगचं डोकं डिसेंबरात चेंगडूत उडवलं. पू त्येनजुन तुरुंगातून निघाला तो थेट प्रांतप्रमुख झाला, आणि बाराव्या दिवशी पगार थकलेल्या सैनिकांनी शहर लुटलं तेव्हा पळाला. पुन्हा हिशोबच, यार्डमास्तर.

यार्डमास्तर
दोन दिवस विचार केला. मूळ प्रश्न मी चुकीचा विचारला होता. 'कर्ज की हिशोब' असं वेगळं करता येत नाही. खंडवाल्याला सरकार सांगत होतं, तुझ्या पैशाचा हिशोब मागू नकोस, आणि त्याच तोंडानं बँकांना पैपैचा हिशोब लिहून देत होतं: कुठल्या प्रांताची कुठली जकात, किती वर्षं. एकाला कपात, दुसऱ्याला तारण. हे शेजारी शेजारी बघितल्यावर भागधारक काय आणि शिंपी काय. बाक, तुमच्याकडे अर्धा आलो, चहा पाजा.

कोपऱ्यातला_बाक
झाकणाच्या पेल्यात पाजतो. कान साफ करून मिळणार नाहीत.

बांधावरून
काल गावी होतो. आईनं डबा काढून दिला. एकोणीस पावत्या निघाल्या आणि तळाला शेअरचा एक दाखला, घडीवर फाटलेला. त्यावर नाव वडिलांचं नाही, आजोबांचं. आजोबा जाऊन एकतीस वर्षं झाली, वारसनोंद कुणी केलेलीच नाही. वडील तीनदा गेले ते बहुधा याच कागदावर.

जुनीपानी
लॅमिनेट करू नका, कागद जातो. दोन ब्लॉटिंगमध्ये ठेवा.

मावशीआत्या
आणि वारसनोंद करून घ्या. मृत्यूचा दाखला आहे ना?

बांधावरून
तोच शोधतोय. आई म्हणते दुसऱ्या डब्यात असेल.